आखाजीची चिठ्ठी, पोळ्याचा हिशेब

आमच्या अमळनेरच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन भाकितं होतात. पहिलं मोठी मायचं. ती अंगणाच्या कोपऱ्यात मातीची चार ढेकळं मांडते, जेठ, आखाड, सावन, भादवा. त्यांच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली नवी घागर ठेवते आणि घागरीवर खरबूज, आंबा, सांजोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलायची आणि कुठलं ढेकूळ किती भिजलं ते बघायचं. भिजलेल्या ढेकळाच्या महिन्यात पाऊस. २०२४ साली तिने दुसऱ्या ढेकळाला बोट लावलं, चिमटीत माती चोळली आणि म्हणाली, "आवंदा आखाड बरा शे." बस्स, एवढंच. कारणमीमांसा नाही, टक्केवारी नाही.

दुसरं भाकीत आम्हा पाच चुलतभावंडांचं, ते दुपारी होतं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पोटात गेल्यावर जी गुंगी चढते, त्या गुंगीत. आखाजीला खान्देशात पत्ते कुटणं कुणी पाप धरत नाही. सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणतात आणि त्यांचे भाऊ झाडाखाली तीन पानी मांडतात, अशी ही रीत. आमच्याकडे मात्र एका वर्षी पत्त्यांवरून दोन सख्खे भाऊ चार महिने बोलेनासे झाले, तेव्हा बायकांनी पत्ते चुलीत घातले. पैज लावायची खाज काही चुलीत जाईना. मग आम्ही सिनेमांवर लावायला लागलो. उन्हाळ्यात येणारे कार्टूनचे आणि भुताचे पिक्चर, पहिल्या दिवशी किती आणि एकूण किती कमावतील, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या जातात नानांच्या गोल पत्र्याच्या डब्यात. एकेकाळी त्यात पस्तीस एमएमचं रीळ असायचं. झाकण इतकं घट्ट की उघडायला चमचा लागतो. डबा उघडायचा पोळ्याला, बैलांना पुरणपोळी चारून झाली की.

आखाजी ते पोळा ही मुदत आम्ही आमच्या सोयीने ठरवली होती. अमेरिकेतल्या सिनेधंद्याचा उन्हाळाही साधारण तसाच, मे महिन्याच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे त्यांच्या लेबर डेपर्यंत, हे नंतर कळलं. २०२४ मध्ये तर पोळा आणि लेबर डे एकाच दिवशी आले, २ सप्टेंबरच्या सोमवारी. तिकडे ते कामगारांना सुट्टी देत होते, आम्ही बैलांना.

कार्टून आणि भूत हेच दोन प्रकार का, तर मोठ्या नटाच्या पिक्चरमध्ये पैज रंगत नाही. नटाचा मागचा पिक्चर, त्याआधीचा पिक्चर, सुट्टी कुठली आहे, एवढं बघितलं की पाचही जणांच्या चिठ्ठ्या आसपास येतात. भुताला आणि कार्टूनला चेहराच नसतो. पोस्टरवर ओळखीचं कुणी नाही, मग अंदाज बांधायचा कशावर?

माझ्यापुरतं सांगायचं तर मी बांधायचो आकड्यांवर. मी जळगावात दिवसभर लोकांची रिटर्न्स भरतो. दुसऱ्यांच्या जमाखर्चात आयुष्य गेलेल्या माणसाला वाटतं की जगात जे काही आहे ते दोन रकान्यांत बसतं. मी लॅपटॉपवर तक्ता केला. पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या कमाईच्या एकूण कमाई किती पट होते, ते मांडलं. हॉरर म्हणजे पहिल्या तीन दिवसांत पळत सुटणार आणि पुढच्या आठवड्यात अर्ध्याच्या खाली येणार. शेवटी दोन, फार तर अडीच पट. कार्टून सावकाश चालणार, तीन-चार पट. डोळ्यासमोर उदाहरण होतं पिक्सारच्या ‘एलिमेंटल’चं. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत तीन कोटी डॉलरही झाले नाहीत. सगळ्यांनी त्याचं तेरावं घातलं, आणि तो चालत चालत तिथेच पंधरा कोटींच्या पुढे गेला. पाच पटींहून जास्त. असा तक्ता बघितला की माणसाला ज्ञान झाल्यासारखं वाटतं.

नानांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि विचारलं, "यामा सायकल स्टँड कोठे शे?"

नाना म्हणजे माझे मोठे काका. भुसावळच्या एका वितरकाकडे प्रतिनिधी होते. आज फारशा कुणाला ठाऊक नसेल, पण सिनेमाच्या धंद्याचा नकाशा वेगळाच असतो. त्या नकाशात आपलं जळगाव मुंबईत येत नाही, ते येतं ‘सीपी बेरार’मध्ये, नागपूर-अमरावतीच्या ओळीत. इंग्रज गेले, मध्य प्रांत गेला, वऱ्हाड महाराष्ट्रात आलं, पण सिनेमावाल्यांच्या वह्यांत ते नाव तसंच राहिलं. या मध्य भागातल्या वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्यालयही भुसावळात. नानांचं म्हणणं, जंक्शन होतं म्हणून. पिक्चरची पेटी रेल्वेने कुठेही टाकता यायची. त्यांनी स्वतः सुरत लाईनच्या पॅसेंजरमध्ये पेट्यांवर बसून प्रवास केलाय, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार.

प्रतिनिधीचं काम एकच, थिएटरवाला खोटं तर सांगत नाही ना ते बघायचं. खेळ सुरू झाला की फाटलेल्या तिकिटांचे तुकडे मोजायचे, बाल्कनी वेगळी, स्टॉल वेगळा, आणि रोजच्या कलेक्शनचा कागद भरायचा. त्याला डीसीआर म्हणायचे. पण तुकडे मोजायच्या आधीच नानांना आकडा कळलेला असायचा, कारण येता येता ते सायकल स्टँडवर थांबायचे. सायकलींची संख्या नव्हे, सायकली कशा लावल्यात ते बघायचे. एकेकट्या, विखुरलेल्या सायकली असल्या तर पिक्चर चार दिवसांचा. चार-चार, पाच-पाच एकमेकींना टेकवून लावलेल्या असल्या, एकाच साखळीत अडकवलेल्या असल्या, तर पोरं टोळीने आलीत. पिक्चर भुताचा असणार आणि दुसऱ्या आठवड्यातही स्टँडवर जागा मिळणार नाही. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ला दोंडाईच्यात आपण अशाच साखळ्या मोजल्या असं ते शपथेवर सांगतात. रामसे बंधूंच्या पिक्चरमध्ये मोठा नट नसायचा, खर्च बेताचा असायचा आणि मोठ्या शहरातली मंडळी नाक मुरडायची. आमच्याकडच्या वैशाखातल्या जत्रेत, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात तंबू लागायचा, त्या तंबूत मात्र तेच चालायचे. तंबूत भुताचा पिक्चर बघताना मागून खरोखरचा वारा यायचा, हा फायदा कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये आहे?

"एकला माणूस पिच्चर देखस का रे?" नाना म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. तक्ता मी चिठ्ठीला स्टेपल केला.

त्या २०२४ च्या चिठ्ठ्यांत पिक्सारचा ‘इनसाइड आउट २’ पाचही जणांनी धरला होता. तिकडचे जाणकार पहिल्या तीन दिवसांत आठ-नऊ कोटी डॉलर म्हणत होते. मीही तेच धरलं. झाले पंधरा कोटींच्या वर. शेवटी जगभरात १७० कोटी डॉलरच्या आसपास. ज्यांचा धंदाच अंदाज बांधण्याचा, ते जवळजवळ निम्म्याने चुकले, म्हणून मला माझ्या चुकीचं फार वाईट वाटलं नाही. पण नानांचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला. पहिला ‘इनसाइड आउट’ २०१५ चा. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आता सोळा-सतरा वर्षांची. ती धाकट्या भावंडांना घेऊन आली असतील, मित्रांबरोबर वेगळी आली असतील, आणि आई-बाप दोन्ही वेळा पाकीट घेऊन मागे. ‘तुम्हाला हा पिक्चर बघायचाय का’ असं एकेकाला विचारत सुटलात तर हे हाताला लागत नाही. विचारायचं ते, हा पिक्चर बघायला कोण कुणाला ओढून नेणार? कार्टूनचं तिकीट पोरगं कधीच काढत नाही, पण एक पोरगं हट्टाला पेटलं की चार तिकिटं फाटतात. भुताचं उलट. तिथे ओढणारा आणि ओढला जाणारा एकाच वयाचे. एकट्याने जायची छाती नसते, म्हणून तो तिघांना चहा पाजून नेतो. नटाच्या पिक्चरला माणूस एकटा जाऊ शकतो. या दोन प्रकारांना जवळपास कुणीच एकटं जात नाही. माझ्या तक्त्यात डोकी होती, साखळ्या नव्हत्या.

आणि पंचांगही नव्हतं. हॉलिवूडचा उन्हाळा आपल्याकडे पेरणीत येतो, ही गोष्ट मी, शेतकऱ्याचा नातू, सपशेल विसरलो होतो. ‘इनसाइड आउट २’ आपल्याकडे लागला १४ जूनला. १५ जूनला शाळा उघडल्या. त्या आठवड्यात जळगावात बाप लोक वह्या-दप्तराच्या दुकानात होते आणि गावाकडचे कपाशीच्या बियाण्याच्या रांगेत. जूनमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, असतो तो मातीत. आपल्या मुलांचा उन्हाळा तेव्हा संपलेला असतो, तिकडच्यांचा सुरू होत असतो. एकच शुक्रवार, तिकडे सुट्टीचा पहिला आणि इकडे शेवटचा.

त्याच जूनच्या ७ तारखेला ‘मुंज्या’ लागला. आमच्या पाचांपैकी एकाच्याही चिठ्ठीत त्याचं नाव नव्हतं. असणार कसं, १० मेच्या आखाजीला आम्ही ते ऐकलंच नव्हतं. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला मराठी माणूस, गोष्ट कोकणातली, पिक्चर हिंदी. पहिल्या दिवशी चार कोटींच्या आसपास आणि शेवटी भारतात नेट, म्हणजे कर वजा जाता, शंभर कोटींच्या पार. मी दुसऱ्या रविवारी गेलो. माझ्या पुढच्या रांगेत आठ पोरं होती आणि त्यातलं एक, भूत यायच्या आधीच, शेजारच्याला सांगत होतं, "आता पिंपळावरून येईन बघ." त्याला पत्ता माहीत होता. मुंज झाल्यावर अल्पवयात गेलेला पोरगा पिंपळावर राहतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. खान्देशातल्या कितीतरी गावांत पिंपळाखाली मुंजोबा आहे, शेंदूर लावलेला. रात्री त्या रस्त्याने जाताना आम्ही सगळे एकदा तरी पळालोय. परदेशी भुतांना बंगला लागतो, तळघर लागतं, बाहुली लागते, आणि तरी त्यांची ओळख करून द्यायला पहिला अर्धा तास जातो. इथे ओळख आजीने आधीच करून दिलेली.

मैदानही रिकामं होतं. आयपीएल २६ मेला संपली होती, निवडणुकीचा निकाल ४ जूनला लागला होता. एप्रिल-मे मोठ्या हिटशिवाय कोरडे गेले होते. आणि भुसावळात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळत असताना थिएटरचा एसी हाच पिक्चरचा हिरो असतो, हे माझं खास मत आहे. दीडशे रुपयांत अडीच तास गारवा मिळत असेल आणि वर भूतही दाखवत असतील, तर बिघडलं कुठे.

२०२५ च्या आखाजीला, ३० एप्रिलला, मी शहाणा होऊन आलो, म्हणजे नव्याने मूर्ख व्हायला तयार होऊन. त्याच आठवड्यात ‘सिनर्स’चा आकडा आला होता. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत चार कोटी ऐंशी लाख डॉलर, आणि दुसऱ्या आठवड्यात घसरण जेमतेम पाच टक्के. हॉररमध्ये पन्नास-साठ टक्के घसरण नेहमीची. तक्ता फाडून टाकावा असा आकडा. मी तक्ता फाडला नाही, दुरुस्त केला. हॉरर आता टिकतं असं लिहून भुताच्या सगळ्या पिक्चरांचे आकडे वाढवले. जूनच्या शेवटी ‘मेगन’चा दुसरा भाग आला. पहिल्या भागाने पहिल्या तीन दिवसांत तीन कोटी डॉलर कमावले होते, दुसऱ्याने एक कोटी. माझ्या चिठ्ठीत चार होते. पिक्सारचा ‘एलिओ’ही त्याच महिन्यात त्यांच्या इतिहासातली सगळ्यात कमी सुरुवात करून बसला. तिथे मी ‘इनसाइड आउट’ची नशा उतरायच्या आत लिहिलं होतं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर बहिणीच्या दोन मुलांना घेऊन मी जळगावातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये परदेशी कार्टून बघायला गेलो. शनिवार, दुपारचा खेळ. तिकिटं काढली, पॉपकॉर्न घेतलं, आत जाऊन बसलो. पडदा काळा. पंधरा मिनिटांनी एक मुलगा टॉर्च घेऊन आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही तिघंच आहात. शो कॅन्सल झालाय. पैसे परत मिळतील, नाहीतर शेजारच्या स्क्रीनला बसा." शेजारी भुताचा पिक्चर होता आणि धाकटा सहा वर्षांचा. पॉपकॉर्नचे पैसे परत मिळत नाहीत. आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत बसून ते संपवलं. मोठा म्हणाला, "मामा, तुझ्या तक्त्यात किती लिहिलं होतं?" मी म्हटलं, खा.

जे दाखवलंच जात नाही ते कमावणार काय? कुठल्या गावात किती खेळ, हिंदीत की इंग्रजीत, सकाळी अकराला की संध्याकाळी सातला, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ठरवणाऱ्याचाही तो एक अंदाजच असतो. चालणार नाही म्हणून दुपारचा एक खेळ द्यायचा, आणि दुपारच्या एका खेळाला कुणी येत नाही म्हणून बघा, चाललाच नाही. यात वाटणीचाही भाग आहे. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोन महिने मोठे हिंदी पिक्चर लागले नव्हते. ते मिटलं तेव्हा ठरलं की कर वजा जाता पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यात तीस. म्हणजे पिक्चर जितका रेंगाळेल तितका थिएटरवाल्याचा फायदा. पण रेंगाळायला पहिले तीन दिवस तग धरावा लागतो, आणि पहिले तीन दिवस असतात पोस्टरवाल्या चेहऱ्यांचे.

म्हणूनच २५ जुलैला ‘महावतार नरसिंह’ लागला तेव्हा जळगावात मी त्याच्याकडे बघितलंही नाही. भारतीय कार्टून, पावसाळा, शाळा सुरू. पहिल्या दिवशी देशभरात, सगळ्या भाषा मिळून, दोन कोटीही नाहीत. रविवारपर्यंत दिवसाचे नऊ कोटींच्या वर. दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन, की तिच्या सासूबाई आणि त्यांचं भजनी मंडळ, चौदा बायका, पिक्चरला निघाल्यात आणि गाडी ठरवायचीय. मी सोडायला गेलो आणि आत जाऊन बसलो. तिसऱ्या रांगेत एका आजींनी चपला काढून खुर्चीखाली नीट जोडीने ठेवल्या आणि अडीच तास पाय वर घेऊन बसल्या. खांब फुटला तेव्हा अर्ध्या थिएटरने हात जोडले. प्रत्येकीच्या मांडीवर नाहीतर शेजारी एक नातवंड होतं. माझ्या तक्त्यात पोरं आजीला नेतील असा रकाना तरी ओढूनताणून करता आला असता. इथे आज्या पोरांना ओढून आणत होत्या. शेवटी जगभरात तो तीनशे कोटींच्या वर गेला.

२०२५ चा पोळा आला २२ ऑगस्टला, नरसिंहाला बरोबर चार आठवडे झाले त्या शुक्रवारी. चमच्याने डबा उघडला. अर्धा तास भांडण झालं, कारण धाकट्या चुलतभावाने सगळे आकडे ग्रॉस धरले होते आणि मी नेट, आणि दोघांच्या चुका त्यामुळे वेगवेगळ्या दिसत होत्या. करासकट धरलं की तो माझ्याहून कमी चुकलेला, कर काढला की मी त्याच्याहून. मोठ्या बहिणीने दोघांनाही बाद केलं. नरसिंह कुणाकडेच नव्हता.

मग नानांची चिठ्ठी. ते दरवर्षी आमच्यात घुसून एक टाकतात. त्यावर आकडा नव्हता. वहीच्या कागदावर, डीसीआर भरायच्या त्याच तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सोमवार येऊ दे, मंग सांगसू.’ नियमाप्रमाणे आकडा नसेल तर चिठ्ठी बाद आणि शेवभाजी त्याच्याकडून. गेल्या वर्षीही त्यांनी हेच लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. मी म्हटलं, नाना, सोमवारचा गल्ला बघून तर कुणीही सांगेल. ते म्हणाले, मग कुणी सांगत का नाही?

संध्याकाळी धुळे रस्त्यावरच्या ढाब्यावर गेलो. शेवभाजीची तर्री अशी की पहिल्या घासाला कानशिलं तापतात. आम्ही पाचजण अजून नेट-ग्रॉसवरच होतो. नाना पाठ भिंतीला लावून, तोंड रस्त्याकडे करून बसले होते आणि जेवता जेवता बाहेर लागणाऱ्या गाड्यांकडे बघत होते. एकावर तिघं आले की भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

"या मालकाले सांग," मध्येच ते मला म्हणाले, "आज शेव कमी पडई."